‘एवढं तरी’ आणि ‘त्यात काय एवढं’

“मॅडम, मोठं असं काहीच नाही हो. तरी चिडचिड होते. माझ्यातच काही बिघडलंय का?”

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य आठवड्यातून दोनदा तरी ऐकू येतं. कधी बँकेतल्या ताई असतात, कधी निवृत्त शिक्षक, कधी नुकतं लग्न झालेला मुलगा. सांगताना सगळे ओशाळतात. कर्ज किंवा आजारपण घेऊन आलेला माणूस असा ओशाळत नाही. पलंगावर टाकलेल्या ओल्या टॉवेलचा राग घेऊन आलेला मात्र दार नीट लागलंय ना, ते बघून मग बोलतो.

अंबडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळणारे एक गृहस्थ असेच आले होते (ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत). वय पन्नाशीच्या आतबाहेर. तक्रार फ्रिजमधल्या पाण्याच्या बाटल्यांची. कामावरून घरी यावं, फ्रिज उघडावा, तर दारातल्या कप्प्यात चार बाटल्या ओळीनं उभ्या आणि प्रत्येकीच्या तळाशी दोन घोट. शेवटचा घोट कुणी पीत नाही, कारण जो पिईल त्यानं बाटली भरायची! एका संध्याकाळी त्यांनी ती सिंकमध्ये आपटली. बारावीतली मुलगी भरल्या ताटावरून उठून गेली. पुढचे आठ दिवस ती बापाशी ‘हो’ आणि ‘नाही’ एवढंच बोलली. म्हणून ते माझ्याकडे आले, बाटलीसाठी नव्हे.

मी त्यांना एक वही करायला सांगितली. डाव्या पानावर खुपलेलं लिहायचं, उजव्या पानावर बरं वाटलेलं. स्टोअरचा माणूस, नोंदी चोख. आठवड्यात डावीकडे तेवीस. पंचिंग मशीन नेलं, परत आणलं नाही. माझी खुर्ची कुणीतरी खाली केली. गॅसचा लायटर जागेवर नाही. उजवं पान कोरं.

“काही घडलंच नाही, मॅडम.”

“तुमच्या रजिस्टरात फक्त तूट लिहिता? आवक नाही?”

ते हसले, पण पान काही भरलं नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लॅझरस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता, तो मी त्यांना सांगितला. मध्यमवयीन शंभर माणसांकडून रोजच्या कटकटी आणि रोजची छोटी सुखं महिनोन् महिने नोंदवून घेतलेली. मनाच्या तक्रारींचा अंदाज आयुष्यातल्या मोठ्या घटनांपेक्षा या किरकोळ कटकटींवरूनच जास्त चांगला येत होता. आणि जास्तीत जास्त लोकांनी नोंदवलेल्या कटकटींत ‘वस्तू जागेवर न सापडणं’ होतंच.

“म्हणजे अमेरिकेतही लायटर सापडत नाही,” ते म्हणाले. खांदे थोडे उतरले. आपण क्षुद्र नाही, एवढं कळलं तरी माणूस पुढचं ऐकतो.

खरी गाठ सुटली ती चौथ्या भेटीत, आणि तीही सहज. मी विचारलं, “माल वेळेवर आला नाही तर सप्लायरवर असेच भडकता का?”

“छे! कसारा घाटात ट्रक अडकला तर तो बिचारा काय करणार? पाच-पाच तास थांबतो आम्ही.”

“मग बाटलीवर पाच मिनिटंही नाही?”

“अहो, बाटली भरायला काय लागतं! एवढं तरी...”

आणि ते थांबले. मीही काही बोलले नाही. बाहेर कुणाच्या तरी गाडीचा रिव्हर्सचा भोंगा वाजत होता, तो बंद होईपर्यंत आम्ही दोघं गप्प होतो.

त्या दिवशी मला जे दिसलं ते पुस्तकात या शब्दांत मला तरी सापडलेलं नाही, म्हणून थोडी फुशारकी मारते. अवघड गोष्ट राहिली तर आपण माफ करतो, कारण ती अवघड असते. सोपी राहिली की तिचा अर्थ लावतो: ‘एवढं तरी’ केलं नाही, म्हणजे मला किंमत नाही. गोष्ट जितकी लहान, तितका अपमान मोठा. आणि सुखाच्या वेळी तोच ‘एवढं’ उलटा फिरतो: ‘त्यात काय एवढं!’ उजवं पान कोरं राहिलं होतं ते यामुळे.

माझा कल मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्याकडे आहे, हे माझ्याकडे येणाऱ्यांना लवकरच कळतं. मनातल्या सक्तीच्या नियमांवर त्यांचा रोख असायचा. आपल्या मराठीत तर ती सक्ती सहज लपते. ‘मला चहा पाहिजे’ ही इच्छा. ‘बाटली भरली पाहिजे’ हा हुकूम. शब्द एकच. म्हणून मी सांगते, मनातलं वाक्य एकदा ‘भरली तर बरं होईल’ असं म्हणून बघा. राग जात नाही, पण आपटण्याइतका उरत नाही. आणि मागायचं ते तोंडानं मागा, राग नसताना, त्या माणसाचं नाव घेऊन. ‘या घरात कुणालाच...’ असं सुरू झालेलं वाक्य घरात कुणीच ऐकत नाही. (माझ्याही घरात नाही. साखरेच्या डब्यातला ओला चमचा अजून तसाच निघतो.)

एक मात्र बजावते. ज्या बाई नोकरी करून चारही बाटल्या रोज एकट्याच भरतात, त्यांना मी ‘बरं होईल’ शिकवत नाही. तिथे प्रश्न विचारांचा नसतो, कामाच्या वाटणीचा असतो. आणि चिडचिडीसोबत झोप उडाली असेल, वजन किंवा भूक बदलली असेल, तर आधी डॉक्टरांकडून थायरॉईड, साखर तपासून घ्या.

त्यांच्या उजव्या पानावर पहिली नोंद पाचव्या आठवड्यात आली: ‘रविवारी मिसळीला जादा रस्सा न मागता वाढला.’ मग ‘स्टॉक एका झटक्यात जुळला.’ मग, अगदी बारीक अक्षरात, ‘मुलीनं शर्टाला चिकटलेलं लेबल काढलं.’

शेवटच्या भेटीत मी विचारलं, “बाटलीचं काय?”

“परवा परत दोनच घोट. चिडलोच मी. पण पोरीला हाक मारून म्हटलं, ‘बेटा, एवढी बाटली भर गं.’”

“भरली?”

“भरली की.” ते हसायला लागले. “अर्धी.”