धोरणाच्या बैठकीला जा, पण सूचनांची पोच घेऊनच बाहेर पडा

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि जुनी खपली निघाली. दिव्यांग धोरणावर सूचना द्यायला बोलावलंय, निरोप आदल्या दिवशी, बैठक पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. भावाला ऐकू येत नाही म्हणून खुणांच्या भाषेचा दुभाषा मागितला तर "तुम्हीच सांगा की त्याला". हा नुसता देखावा असेल तर जावं का, असं तुम्ही विचारलंय. देखावा असला तरी जा.



2022 च्या जूनमध्ये केंद्राने राष्ट्रीय धोरणाचा नवा मसुदा हरकती-सूचनांसाठी खुला केला. आधीचं धोरण 2006 चं, त्यामुळे आम्ही सोलापूरकर मंडळी जरा हुरळलो होतो. तेव्हा इथल्या एका कार्यालयाने (नाव घेत नाही, अजून कामं पडतात तिथे) अशीच बैठक लावली. मी कुबड्या टेकत वर गेलो, व्हीलचेअरवाले पोर्चमध्येच राहिले. लिपिक हजेरीपत्रक घेऊन खाली गेला आणि त्यांच्या सह्या घेऊन आला, झाली हजेरी. माझ्या शेजारच्या दृष्टिहीन मावशींचा अंगठा धरून पॅडवर दाबला, कागदावर उठवला. वर काय छापलंय ते वाचून दाखवायचं कुणाला सुचलं नाही. मसुदा इंग्रजीत, तोही स्कॅन केलेला, म्हणजे मोबाईलसुद्धा तो वाचून दाखवेना.

पूर्व भागातली एक विडी कामगार बाई आली होती, एका पायाने अधू. बोलता बोलता तेलुगूत शिरायची, पण मुद्दा पक्का. म्हणाली, सरकारी नोकरीतलं दिव्यांगांचं 4 टक्के आरक्षण मला काय कामाचं, मी घरात बसून विड्या वळते. प्रमाणपत्रासाठी दवाखान्यात दिवस गेला की हजार विड्यांची मजुरी बुडते, ती कोण देणार? साहेब म्हणाले, "हे धोरणात बसत नाही, वेगळा अर्ज द्या." माझ्या मते त्या दिवशी दिल्लीला पोचायला हवी होती ती हीच गोष्ट. इतिवृत्त हाती आलं तेव्हा सूचनांची मुदत उलटून गेली होती. त्यात एक ओळ होती: "उपस्थितांनी मसुद्यास सहमती दर्शविली." पोर्चमधले, मावशी, विडीवाली बाई, सगळे सहमत!

म्हणून सही करताना हजेरीपत्रकाच्या मथळ्याचा फोटो काढा आणि सहीशेजारी "फक्त उपस्थिती" असं लिहा. कपाळाला आठ्या पडतील, पडू द्या. सूचना घरूनच मराठीत लिहून न्या. मसुद्यातला कोणता परिच्छेद, त्यात काय बदल हवा, एवढंच लिहा. बैठकीत देऊ नका, त्याच कार्यालयाच्या टपाल शाखेत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्या. पत्रात एक ओळ घाला: 2007 मध्ये भारताने मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारातल्या कलम 4 (3) प्रमाणे धोरण ठरवताना दिव्यांगांशी सल्लामसलत करणं बंधनकारक आहे. मजल्याबद्दल 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 45 टाका. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला 5 वर्षं दिली होती, नियम जून 2017 चे, म्हणजे मुदत केव्हाच संपली. मी वकील नाही, जाणत्याला दाखवून घ्या.

आता थोडं कडू बोलतो. अशा बैठकांना दरवेळी आम्हीच असतो, अस्थिव्यंग, पुरुष, शहरातले, भाषण ठोकणारे. मनोविकार असलेला माणूस, मतिमंद मुलाची आई, अक्कलकोटकडचे कानडी बोलणारे, यंत्रमागाच्या खडखडाटात कान गेलेला कामगार, यांना कुणी फोन करत नाही, आमच्या संघटनाही नाही. दिव्यांगत्वाचे 21 प्रकार कायद्यात आहेत, खुर्च्यांवर जेमतेम दोन-तीन दिसतात. शक्य असेल तर अशा एकाला सोबत न्या.

इतिवृत्त दिलं नाही तर माहिती अधिकारात मागा. अर्जाला 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट, उत्तराला 30 दिवस. आणि दुभाष्याचा अर्ज आजच लेखी द्या. कर्णबधिरांच्या शाळेतले शिक्षक बहुतेक वेळा येतात. मानधन कार्यालयानेच द्यायचं हे अर्जातच लिहा, नाहीतर रिक्षाभाड्यासकट सगळं तुमच्याच खिशातून जातं.