साडेनऊचा दिवा

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

पहाटे पळायला उठायची उमेद कुठून आणू, हा तुझा प्रश्न पोचला. पाठवलास कधी, ते बघितलंस? रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी. उत्तर त्या आकड्यातच आहे. पण खाली तू लिहिलंस, 'एकेचाळिसाव्या वर्षी हे खूळ शोभतं का, मामा?' ते वाचून राहवलं नाही, म्हणून हे लांबलचक.

शोभण्याचं राहू दे. मी बूट घेतले तेव्हा त्रेपन्नाचा होतो. सोबतची फौजासिंगांची चित्रफीतही पाहिली. वयाच्या ८९ व्या वर्षी, २००० साली, लंडनला पहिली मॅरेथॉन पुरी केली त्यांनी. हात जोडावेत असा माणूस. पण बाय, तू त्यांना बघत होतीस मध्यरात्रीच्या सुमारास अंथरुणात पडून! साडेनऊला दिवा मालव.

पावणेपाचला गजर झाल्यावर आपल्यातला जो कोणी जागा होतो ना, तो पक्का वकील असतो. पाऊस येईलसं वाटतं, काल गुडघा कुरकुरत होता, उद्या दुप्पट पळू. त्याच्याशी वाद घालून मी एकदाही जिंकलेलो नाही. त्याला विचारायचंच नाही. काय ते आदल्या रात्री ठरवायचं. बूट दारात, मोजे बुटात, बाटली भरलेली, आणि साडेनऊला दिवा बंद.

संध्याकाळी पळते म्हणशील. गोव्यात? बघ पळून. दमट हवा पहाटेही असतेच, पण निदान डोक्यावर ऊन नाही आणि पायाखाली दिवसभर तापलेलं डांबर नाही. आपल्याकडे घाम वाळत नाही, नुसता ठिबकतो; आणि तो वाळल्याशिवाय अंग काही निवत नाही. शिवाय संध्याकाळी तुझी बँक, मुलाची शिकवणी, पाहुणे. पहाट मागायला कोणी येत नाही.

उशिरा सुरू करणाऱ्याची एक वेगळीच गोची असते. दम महिना-दोन महिन्यांत वाढतो, टाचेमागची शीर मात्र सावकाश घट्ट होते. छाती म्हणते चल, आणि पाय अजून तयार नसतात. तेव्हा तीन मिनिटं पळ, एक मिनिट चाल, शेजारच्याशी गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने. बाकीची दुरुस्ती झोपेत होते. म्हणजे पुन्हा साडेनऊ.

मला हे कोणी सांगितलं नव्हतं असं नाही. मी ऐकलं नाही. पंचवीस वर्षं गावच्या जत्रेतल्या नाटकात उभा राहिलेला माणूस मी, आणि जत्रांचा हंगाम नि पळायला बऱ्या हवेचे दिवस नेमके एकच. पहिल्या वर्षी नाटक साडेतीनला सुटलं. आता झोपायचं कशाला, म्हणून तोंड धुऊन थेट पणजीचा मिरामार किनारा गाठला, कानामागे रंग तसाच. कांपालकडे वळताना टाचेमागे कोणीतरी दगड मारल्यासारखं झालं. वळून बघितलं, तर मागे कोणीच नाही. शीर अर्धी फाटली होती. साडेचार महिने घरात बसलो.

मग नाटक सोडलं. मंडळींचे निरोप येत राहिले. शेवटी आमचे पेटीवाले स्वतः घरी आले. म्हणाले, एकच प्रवेश कर, बाराला मोकळा. मी म्हटलं, उद्या अठ्ठावीस किलोमीटर आहेत. चहा घेऊन गेले. पुढच्या जत्रेला ते नव्हते.

तुझी मामी अजून विचारते, एक रविवार गेला असता तर काय बिघडलं असतं? बिघडलं असतं! एक रविवार गेला की दुसरा विचारायला थांबत नाही. डिसेंबरात वास्कोजवळच्या चिखलीला मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर पुरे केले, ते असल्याच रविवारांवर. आणि जत्रेतलं नाटक कधी वेळेवर उभं राहिलंय? बारा म्हणजे दोन. मी बरोबरच होतो. बहुतेक.

तुला सगळं सोड म्हणत नाही. वर्षातून एखादं नाटक बघ, पार भैरवीपर्यंत बस; फक्त दुसऱ्या दिवशी पळू नकोस. दोन्ही करायला गेलीस तर मी ओरडेन.

येत्या रविवारी सव्वापाचला रायबंदरच्या फेरीधक्क्यावर ये. ताळगावहून गाडीने कितीसा वेळ लागतो! पाटोवरून, म्हणजे पणजीकडे जाणाऱ्या बांधरस्त्यावरून जाऊ. १६३३-३४ मध्ये पोर्तुगीजांनी बांधलेला, तीन किलोमीटरांहून थोडा जास्त, सरळ आणि सपाट. नव्या पायांना चढ नकोतच. एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला खारफुटी आणि मिठागरं. हल्ली साडेसहाशिवाय सूर्य दिसत नाही, म्हणून चमकता पट्टा घाल. कुत्री अंगावर आली तर पळायचं नाही, चालायचं. परतताना पाववाल्या पोदेराचा भोंगा ऐकू येईल. उंडे पाव मी घेईन.

दहा वाजायला आले. हे पत्र साडेनऊच्या आत संपवायचं होतं, पेटीवाल्यांपाशी अडकलो. मामी केव्हाची दिव्याच्या बटणापाशी उभी आहे.

तुझा,
मामा