त्या पाहणीत तुम्ही होता का?

मुलगी तीन महिन्यांची झाली तरी बाप तिला उचलून घेत नाही, याचा घरच्यांनी एकच अर्थ काढला होता: मुलगी झाली म्हणून हा नाराज आहे. सांगलीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत तो आला तेव्हाही त्याला बायकोनेच पाठवले होते. तासगावकडच्या या द्राक्ष बागायतदाराची हकिकत मी त्याच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून लिहीत आहे, कारण त्याने विचारलेला प्रश्न नव्याने आईबाप झालेली अनेक माणसे मला विचारतात.

तो आठ-नऊ वर्षांचा असताना नात्यातल्या एका माणसाने त्याच्यावर लैंगिक अत्याचार केले होते. हे त्याने आजवर कोणालाच सांगितले नव्हते. मुलगी जन्मल्यावर त्याच्या वाचनात आले, की मुलांवर अत्याचार करणाऱ्या कैद्यांपैकी बऱ्याच जणांवर लहानपणी अत्याचार झालेले असतात. तेव्हापासून आंघोळ झालेली, दुपट्यात गुंडाळलेली मुलगी आईने त्याच्यापुढे धरली, की तो मोटर चालू करायचे निमित्त काढून बागेकडे निघून जाई.

"मॅडम, मीपण तसाच होणार का?" एवढे विचारून तो खाली बघत बसला.

मी आधी अवघड प्रश्न सरळ विचारला, की मुलीबद्दल किंवा कोणत्याही मुलाबद्दल तसे आकर्षण मनात कधी येते का. तसे काहीही नव्हते. होती ती निव्वळ भीती, आणि ती त्या वाचनाच्या दिवसापासूनची. अशा वेळी "काळजी करू नका" म्हणून पाठवून देणे मला अन्यायाचे वाटते, कारण ज्या माणसाला शास्त्राच्या नावाने घाबरवले गेले आहे, त्याला ते शास्त्र नीट वाचून दाखवणे हे आपलेच काम आहे.

मी त्याला त्याच्याच बागेतला प्रश्न विचारला. ज्या बागा डाऊनी या द्राक्षावरच्या रोगाने गेल्या, त्यांतल्या किती बागांवर ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस पडला होता? "जवळजवळ सगळ्याच." आणि छाटणीनंतर ज्यांच्यावर पाऊस पडला, त्या सगळ्याच बागा गेल्या का? तो थोडा थांबला आणि म्हणाला, "नाही, तसं कसं होईल?" मूल म्हणजे बाग नव्हे, परंतु कैद्यांच्या पाहणीत नेमका पहिलाच प्रश्न विचारलेला असतो आणि वाचणारा घाबरतो तो दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराला.

मग मी विचारले, "त्या पाहणीत तुम्ही होता का?" इतकी वर्षे गप्प राहिलेला, संसार करणारा, कोणालाही इजा न केलेला माणूस तुरुंगातल्या मोजणीत सापडणार कसा? नाजूक विषयांवरच्या लहान अभ्यासांचा माझ्या मते हा सर्वांत मोठा दोष आहे: कोण हाताशी सापडतो आणि कोण बोलायला तयार होतो, यावरच निष्कर्ष ठरून जातो. एखादा कैदी सहानुभूतीसाठी घडले नाही तेही सांगू शकतो, आणि बाहेरचा पुरुष घडलेलेही लाजेने झाकतो. आकडाही लहान असतो. समजा ३० जणांपैकी १२ जणांनी "हो" म्हटले, तर ४० टक्के असे छापून येते. पण एवढ्याशा नमुन्यात खरे प्रमाण साधारण २५ ते ५८ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकते, आणि तेही नमुना निवडताना पक्षपात झाला नसेल तरच.

दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे अत्याचार झालेल्यांपैकी किती जण पुढे अत्याचार करतात याचे, उत्तर शोधायचे, तर मुलांपासून सुरुवात करून पुढे त्यांच्या आयुष्याकडे बघत जावे लागते. अमेरिकेत कॅथी स्पॅट्झ विडम यांनी तसे केले. १९६७ ते १९७१ या काळात न्यायालयात नोंद झालेली, छळ किंवा हेळसांड झालेली ९०८ मुले आणि त्यांच्याशी वय, लिंग वगैरे बाबतींत जुळणारी ६६७ मुले त्यांनी घेतली आणि दोन्ही गटांच्या पुढच्या नोंदी तपासल्या. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, मारहाण आणि हेळसांड झालेल्यांमध्ये पुढे लैंगिक गुन्ह्यासाठी अटक होण्याचे प्रमाण जास्त दिसले. लैंगिक अत्याचार झालेल्यांमध्ये मात्र ते तुलनेच्या गटापेक्षा लक्षणीय जास्त आढळले नाही. या अभ्यासालाही मर्यादा आहेत, कारण अटकच न झालेले गुन्हे त्यात दिसत नाहीत आणि लैंगिक अत्याचार झालेल्यांमध्ये मुलगे थोडे होते. हे मी त्याच्यापासून लपवले नाही, कारण अर्धे सांगून दिलेला धीर पुढच्या बातमीसरशी ढासळतो.

आपल्याकडचाही एक आकडा मी त्याच्यापुढे ठेवला. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या अहवालात महाराष्ट्रासह १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांपैकी ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारच्या लैंगिक अत्याचाराचा अनुभव सांगितला होता. त्यात मुलगेही मोठ्या संख्येने होते. व्याख्या व्यापक होती आणि हा आकडा जसाच्या तसा देशभराला लावता येणार नाही, हे खरे. तरीही तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे आमच्या वर्गात मी एकटाच नसेन."

त्याच्या लहानपणीच्या जखमेवरचे काम नंतर कितीतरी भेटी चालले, आणि ते वेगळेच काम आहे. चौथ्या भेटीला तो बायकोला घेऊन आला आणि मुलीला न घेण्याचे कारण त्याने तिला स्वतःच्या तोंडाने सांगितले. ती काही बोलली नाही. मांडीवरची मुलगी तिने उचलली, दुपटे सारखे केले आणि त्याच्याकडे दिली. त्याने दोन्ही हातांनी तिला घेतले, आणि मान सावरली आहे ना, हे तीनदा विचारले.