पुरात शेत खरडून गेलं, ही देवाची शिक्षा आहे का? ख्रिस्ती माणसाने आशा कशाच्या बळावर धरायची?

शिक्षा नाही. प्रार्थनेला आलेलं कुणी तसं म्हणालं असेल, तर त्याला लूकच्या शुभवर्तमानाचा 13 वा अध्याय दाखवा. शिलोहातला बुरूज पडून 18 माणसं मेली. ती यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती का, असं येशूनेच विचारलं आणि 'नाही' असं सांगितलं. पश्चात्तापाचं तो पुढे बोलला, पण ते सगळ्यांनाच.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली, ती दगड-मातीच्या जड भिंतींखाली. तिथे कुणाचं पाप मोजणार?

आशा म्हणजे हसतमुख राहणं नव्हे. बायबलमधलं 13 वं स्तोत्र देवाला थेट जाब विचारतं, 'कोठवर?' तुम्हीही विचारा, रागाने विचारलंत तरी चालेल. मेलेल्यातून उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा तशाच होत्या. थोमा या शिष्याला त्याने त्याच दाखवल्या. म्हणजे झालेलं नुकसान पुसून टाकायची अट इथे नाही. मला स्वतःला धीर येतो तो यानेच.

आणि हो, पंचनामा झाला नसेल तर आधी तलाठ्याला गाठा. प्रार्थना गाळ काढता काढताही होते. मंडळीतल्या चार जणांना खोरं घेऊन बोलवा, अन् शेजारच्या बांधावरचाही गाळ काढा, तो शेजारी चर्चला येत नसला तरी.