बाकाखालची बॅग

भुसावळ,
होळीच्या आदला आठवडा

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

तुझा मोबाइलवरचा लांबलचक मजकूर दोनदा वाचला. पहिल्यांदा चष्मा सापडत नव्हता म्हणून अर्धामुर्धा, मग ओट्यावर बसून नीट. उत्तर कागदावर लिहितोय, फोटो काढून पाठवायला नातू आहे.

संध्याकाळची गर्दी, प्लॅटफॉर्मवरच्या बाकाखाली काळी बॅग, जवळ कुणी नाही. तू पाहिलीस. बाकावर बसलेल्या दोघींनीही पाहिली. त्यातल्या एकीनं पाय जरा आखडून घेतले आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं. लोकल आली, त्या चढल्या, तूही चढलीस. रात्री अकरापर्यंत बातम्या चाळत बसलीस आणि काही झालं नाही म्हणून झोपलीस. सकाळी मला विचारतेस, "नाना, मुंबईचं स्पिरिट म्हणतात ते हेच का? की आम्ही सगळेच निगरगट्ट झालोय?"

पाठीवरून हात फिरवून घ्यायचा असेल तर या पत्रात तो मिळणार नाही. रागावणारही नाही, कारण रागवायचा माझा हक्क कधीच गेलाय. कसा गेला ते पुढे येईल.

आधी ते स्पिरिट. ११ जुलै २००६ ला तू बालवाडीत असशील. पश्चिम रेल्वेच्या लोकल, पहिल्या वर्गाचे डबे, ऑफिस सुटायची वेळ. माटुंग्यापासून मीरा रोडपर्यंत अकरा मिनिटांत सात स्फोट. १८० हून जास्त माणसं गेली, आठशेवर जखमी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी लोकल धावत होत्या आणि डबे भरलेले होते. पेपरांत फोटो आले, मुंबई थांबली नाही म्हणून.

रेल्वेत छत्तीस वर्षं काढल्यामुळे असेल, मला त्या फोटोत जे नाही तेच आधी दिसतं. गाडी आपोआप सुरू होत नाही पोरी. चिंधड्या झालेला डबा बाजूला ओढावा लागतो, रूळ फुटाफुटानं तपासावा लागतो, ओएचईवाल्यांना, म्हणजे गाडीवरच्या वीजतारेच्या माणसांना, टॉवर वॅगनवर चढून तार बघावी लागते, मग करंट सोडायचा. हे सगळं रात्री, आणि पायाखाली काय काय पडलेलं असताना. मग त्याच रुळावरून पहिली गाडी काढणारा मोटरमन. आणि त्याच्याही आधी, कुणी बोलवायच्या आत, रुळांलगतच्या वस्तीतून घरातल्या चादरी घेऊन धावलेले लोक. त्या चादरींच्या झोळ्या करून त्यांनी जखमी उचलले. धैर्य म्हणायचं तर मी याला म्हणतो.

सकाळी डब्यात चढलेला माणूस मात्र पोटासाठी चढला. त्याला खाडा परवडत नव्हता. त्याला वीर म्हणू नकोस आणि निगरगट्टही म्हणू नकोस. आपल्याकडे २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं कापसाची वाट लावली. पुढच्या हंगामात लोकांनी सरकी टोबलीच ना? तेव्हा कुणी 'जळगावचं स्पिरिट' असा मथळा दिला नाही. शेतकऱ्याला दुसरं काही करता येत नव्हतं, एवढंच. मुंबईच्या चाकरमान्याचंही तेच. फरक इतकाच, की त्याच्या नाइलाजाचं कौतुक केलं की बऱ्याच लोकांची सोय होते. शाबासकीला पैसे लागत नाहीत.

तेव्हा दुसऱ्या दिवसाच्या सकाळवरून काहीच ठरवू नये, असं माझं मत आहे. माणसं कशी आहेत ते कळतं तीन महिन्यांनी, तीन वर्षांनी. गेल्या वर्षीचंच बघ. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयानं त्या लोकल स्फोटांच्या खटल्यातल्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं. खालच्या कोर्टानं २०१५ मध्ये त्यातल्या पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली होती. एकजण तर निकालाच्या आधी तुरुंगातच वारला. पुढं सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हा निकाल दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून वापरू नका, पण सुटलेल्यांना परत आत जायची गरज नाही. उच्च न्यायालयाच्या त्या निकालानंतर दहाच दिवसांनी, ३१ जुलैला, २००८ च्या मालेगाव स्फोटाच्या खटल्यातले सातही आरोपी निर्दोष सुटले. मालेगाव म्हणजे धुळ्याहून एसटीनं तासा-दीड तासाची वाट.

दहा दिवसांत दोन निकाल. मग हे केलं कुणी? १८० माणसं तिकडे, सहा इकडे, ती मेली कुणाच्या हातून? मी त्या दिवसांत मुद्दाम कान उघडे ठेवून हिंडलो. बाजारात, बँकेत, सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या पेन्शनरांच्या टोळक्यात. एका निकालावर काही जण खूश, दुसऱ्यावर दुसरे काही जण खूश, आणि दोन्हीकडचे चहा पिऊन घरी गेले. 'मग केलं कुणी' हा प्रश्न एकानंही विचारला नाही. तपास चुकला असेल तर निरपराध माणसं सडली आणि खरे मोकळे फिरले. तपास बरोबर असेल तर तो कोर्टात टिकवता आला नाही. दोन्ही बाजूंनी संतापायला जागा होती. तू बॅगेला ओलांडून गेलीस, आम्ही या प्रश्नाला ओलांडून गेलो.

आपली अहिराणीतली जुनी ओळ तुला ठाऊक आहे, "जाऊ दे ना भो, आपले काय करनं शे." तुझ्या बाकावरच्या बाईनं पाय आखडून घेतले ते हेच, फक्त मुंबईच्या पद्धतीनं.

२६ नोव्हेंबर २००८ नंतर तर लोक खरोखर चिडले होते. आठवड्याभरात गेटवेपाशी हजारोंची गर्दी, मेणबत्त्या, फलक. आणि पाचच महिन्यांनी, ३० एप्रिल २००९ ला लोकसभेचं मतदान आलं, तेव्हा त्याच दक्षिण मुंबईत मतदान झालं चाळीस टक्क्यांच्या आसपास. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिन, पुढे शनिवार-रविवार. लोक फिरायला गेले.

आता माझं.

तापीच्या या पट्ट्यातल्या एका स्टेशनावर तेव्हा मी चौकशीच्या खिडकीत होतो. स्टेशनाचं नाव जाऊ दे. २६ तारखेच्या रात्री दहानंतर फोन सुरू झाले आणि मध्यरात्रीपर्यंत खिडकीपुढे शंभरेक माणसं. गोळीबार झाला होता तो सीएसटीच्या मेल-एक्स्प्रेसच्या बाजूला, म्हणजे गावी जायच्या गाड्यांची वाट बघत गाठोड्यांवर बसलेल्या लोकांवर. आपल्याकडची किती माणसं रात्रीच्या गाड्यांना तिथं असतात ते तुला सांगायला नको. पन्नासच्या वर गेले तिथं.

रावेरकडचा एक बाप्या होता. धोतर, पायात चप्पल नाही, तसाच घरातून निघालेला. पोरगा त्या रात्रीच्या गाडीनं येणार होता. म्हणाला, "साहेब, यादीत नाव बघा." मी विचारलं, रिझर्व्हेशन? नाही, जनरल. जनरलच्या तिकिटावर नाव नसतं पोरी. यादीच नसते. गाडीत कोण होतं, फलाटावर कोण होतं, हे रेल्वेच्या कुठल्याही कागदावर नसतं. हे त्या माणसाला मी तीन वेळा समजावलं आणि तिन्ही वेळा तो म्हणाला, "बघा तर खरं." चौथ्या वेळी मी उगाच एक रजिस्टर उघडलं, पानं उलटली आणि म्हणालो, मेलेल्यांत नाही. खोटं बोललो. तो खिडकीखालीच भिंतीला टेकून बसला. पहाटे पोराचा फोन आला, तो दादरला कुणाकडे तरी पोचला होता. चार दिवसांनी बाप्या केळीचा घड घेऊन आला.

त्याच रात्री सीएसटीच्या लोकलच्या बाजूला विष्णू झेंडे नावाचा अनाउन्सर केबिनमध्ये बसून लोकांना कुठून बाहेर पडायचं ते माइकवर सांगत राहिला. केबिनवर गोळी आली तरी सांगत राहिला. हातात शस्त्र नाही, रोजचाच माइक. आमच्या खात्यातला माणूस म्हणून मला त्याचा फार अभिमान वाटायचा. अजून वाटतो.

आणि तोच अभिमान मिरवणारा मी! डिसेंबरात आमच्या स्टेशनावर मेटल डिटेक्टरच्या दोन चौकटी आल्या. पहिला पंधरवडा दोन जवान, टेबल, नोंदवही, सगळं चोख. फेब्रुवारीत एकच जवान. उन्हाळ्यात नुसतं स्टूल. चौकट प्रत्येकाला पीं-पीं करायची, कुणी वळून बघत नव्हतं. मग त्या आवाजाचा त्रास होतो म्हणून कुणीतरी प्लगच काढला. पुढं चहावाला तिच्यावर ओलं फडकं वाळत घालू लागला. माझ्या खिडकीतून ती चौकट समोर दिसायची. आणि तक्रारवही? ती माझ्याच खिडकीला सुतळीनं बांधलेली होती. २०१२ ला रिटायर होईपर्यंत मी त्या वहीत एक ओळ लिहिली नाही. फडक्याचे रंग बदललेले मात्र पाठ आहेत मला.

म्हणून म्हटलं, रागवायचा हक्क नाही.

आता बॅगेबद्दल. पुढच्या वेळी दिसली तर आधी मोठ्यानं विचार, "ही बॅग कुणाची आहे?" एवढंच. भुसावळच्या जनरल डब्यात माणूस बसायच्या आधी हे विचारतो, मुंबईत लाज वाटते. बहुतेक वेळा चार हातांवरून कुणीतरी ओरडेल, माझी आहे. नाही ओरडलं तर हात लावायचा नाही, पायानं सरकवायची नाही, उघडून बघायची तर मुळीच नाही. लांब हो, दुसऱ्यांना लांब कर, जवळचा पोलीस, आरपीएफ, कुणी दिसेल त्याला सांग, नाहीतर रेल्वेचा मदतीचा नंबर १३९ लाव. एक लोकल चुकेल. आत डबा आणि छत्री निघेल, लोक हसतील. हसू दे. बॉम्ब निघेल या भीतीपेक्षा छत्री निघेल या भीतीनंच माणसं जास्त गप्प बसतात, असं मला वाटतं.

आणि फोटो काढून ग्रुपवर टाकू नकोस. हे तुला सांगायचं कारण तुझ्या गावाजवळच घडलंय. २२ जानेवारी २०२५, परधाडे. पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची आवई उठली, साखळी ओढली, लोक खाली उतरले ते दुसऱ्या रुळावर, आणि समोरून कर्नाटक एक्स्प्रेस आली. डझनभर माणसं गेली. आग लागलेलीच नव्हती. तुझे काका तेव्हा धावत गेले होते ना तिकडे? त्यांना विचार त्यांनी काय बघितलं ते. अतिरेक्याला जे करायला स्फोटकं लागतात ते कधी कधी एका ओरडण्यानं होऊन जातं.

राहता राहिलं ते कंटाळवाणं काम, आणि माझा सगळा भर त्यावरच आहे. तुझ्या रोजच्या स्टेशनावर स्ट्रेचर कुठं ठेवलंय? रात्री दहानंतर ते उचलायला हमाल असतो का? कॅमेरे आहेत, पण त्यातले चालू किती? एक प्रश्न निवड. एकच. तो लेखी विचार, पोच घे, उत्तर नाही आलं की पुन्हा विचार. मेणबत्तीसारखं याला कुणी फोटोत घेणार नाही, मैत्रिणी वेड्यात काढतील. सीएसटीवर पायात गोळी लागलेली एक नऊ वर्षांची मुलगी होती. पुढच्या वर्षी कुबड्या घेऊन कोर्टात गेली आणि कसाबकडे बोट दाखवून आली. तिचं कौतुक सगळ्यांनी केलं, आणि घरासाठी तिला पुढे हायकोर्टाची पायरी चढावी लागली. कौतुक करणारे तेव्हा कुठं होते, असं विचारशील. मी ओट्यावर होतो, पेपर वाचत.

तुला उपदेश करण्याआधी मीही दिवाळीनंतर दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, की त्या दोन चौकटी किती दिवस चालू होत्या आणि आता कुठं आहेत. एका ओळीचं उत्तर आलं, अर्ज संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आला आहे. तीस दिवस उलटले तसं पहिलं अपील केलं. नातू म्हणतो, आजोबा, चौकट भंगारात गेली असेल. असेल. मग भंगाराची पावती दाखवा म्हणावं.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, येशील तेव्हा तुझी पोच बरोबर आण. माझी फाइल तयार आहे, झोक्याशेजारी बसून दोन्ही वाचू. आमरस आहेच.

तुझा,
नाना