वाचकांचे प्रश्न : आयरिश फिडल कानावरून कसं शिकतात?

आयर्लंडमधलं नाचाचं पारंपरिक संगीत फिडलवर, म्हणजे व्हायोलिनवर, आजही मुख्यतः ऐकून शिकवलं जातं, पुस्तकातून नाही. याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी पाच इथे घेतले आहेत.

आम्ही डब्लिनला राहतो. नऊ वर्षांची मुलगी आठवड्यातून एकदा फिडलच्या क्लासला जाते. तीन महिने झाले, बाईंनी अजून एकही पुस्तक दिलेलं नाही. पाचसहा धुना वाजवते, पण त्यांची नावंही तिला धड सांगता येत नाहीत. हे शिकवणं बरोबर चाललंय का?

बरोबर चाललंय. तीन महिन्यांत पाच धुना पाठ होणं हा चांगला वेग आहे.

आधी धुनेचा सांगाडा समजून घ्या. बहुतेक धुना दोन भागांच्या असतात. प्रत्येक भाग 8 बारांचा (बार म्हणजे तालाचं एक छोटं आवर्तन), तो दोनदा वाजतो, म्हणजे एक फेरी 32 बारांची. पुष्कळ धुनांमध्ये पाचवा-सहावा बार हा पहिल्या-दुसऱ्याचीच पुनरावृत्ती असतो. त्यामुळे एका भागात खऱ्या अर्थाने नवे तुकडे तीनच, दोन भागांचे मिळून सहा. प्रत्येक तुकडा दोन बारांचा. मुलीला एका तासात एवढंच लक्षात ठेवायचं असतं. ती सुटे स्वर पाठ करत नाही, तुकडे पाठ करते. आपल्याकडे बंदिशीची स्थायी ओळीओळीने बसवतात, तसंच.

क्लासमध्ये साधारण असं चालतं. बाई पूर्ण धून दोनतीनदा वाजवतात, मुलं नुसती ऐकतात. मग धून तोंडाने म्हणायची. तिकडे याला लिल्टिंग म्हणतात. अर्थ नसलेल्या अक्षरांत धून म्हणायची, तबल्याची पढंत करतात तशी. तोंडात बसली की पहिला दोन बारांचा तुकडा फिडलवर, बाई एकदा, मुलं एकदा. तो चुकत नाही तोवर पुढचा नाही. दुसरा तुकडा आला की लगेच पहिल्याला जोडायचा, कारण चुका तुकड्यात होत नाहीत, सांध्यावर होतात. शेवटी बाई एकदा सावकाश आणि एकदा नेहमीच्या लयीत वाजवतात, आणि पालक ते फोनवर रेकॉर्ड करतात. तुम्ही करत नसाल तर पुढच्या वेळेपासून बाईंना विचारून करा.

घरी काय करायचं: ज्या दिवशी क्लास, त्याच दिवशी झोपण्यापूर्वी एकदा वाजवून घ्या, दहा मिनिटं पुरतात. दुसऱ्या दिवसावर ढकललं तर निम्मी धून गेलेली असते. बाकीचे दिवस पंधरा मिनिटं, आणि जेवताना किंवा गाडीतून जाताना रेकॉर्डिंग नुसतं चालू ठेवा.

पालक एक चूक हमखास करतात. धुनेचं नाव शोधून इंटरनेटवरून स्वरलेखन उतरवून देतात. एकाच धुनेची अनेक रूपं असतात, तिकडे त्यांना सेटिंग म्हणतात. छापील रूप आणि बाईंचं रूप दोनचार ठिकाणी वेगळं निघतं आणि पोरगी नेमकी तिथेच अडखळायला लागते.

नावांची काळजी नको. एकाच धुनेला चार नावं आणि एका नावाच्या तीन धुना, हे तिथे नेहमीचंच आहे. मात्र एक छोटी वही करा. धुनेचं नाव, नाचाचा प्रकार (रील, जिग, पोल्का, हॉर्नपाइप), पहिले चार-पाच स्वर अक्षरांत, आणि ती कोणाकडून घेतली. हा शेवटचा रकाना सर्वात महत्त्वाचा. मोठे वादकही धून वाजवण्याआधी ती अमक्याकडची असं आवर्जून सांगतात.

मडगावच्या आमच्या घरात तीन पिढ्या व्हायोलिन आहे. मी चर्चच्या शाळेत सोलफेज (दो-रे-मी म्हणत स्वर वाचणं) शिकलो, स्वरलेखन सहज वाचतो. ओ'नीलच्या संग्रहातल्या रील वाजवून पाहिल्या. स्वर सगळे बरोबर येतात, पण ऐकायला कवायतीचा बँड वाटतो. काय राहतंय?

गज राहतोय. आणि तो कागदावर नाहीच, म्हणून तुम्हाला सापडत नाही.

गोव्यातल्या चर्चच्या शाळांनी सोलफेज आणि व्हायोलिनचं जे शिक्षण पिढ्यान्‌पिढ्या दिलं, त्यात कागदावरचं चिन्ह ही अंतिम आज्ञा असते. इथे कागद म्हणजे फक्त आठवण. गंमत अशी की, शिकागोच्या पोलीस दलाचा प्रमुख राहिलेल्या ज्या फ्रान्सिस ओ'नीलने 1903 साली 1850 धुनांचा आणि 1907 साली 1001 धुनांचा संग्रह काढला, त्याला स्वतःला स्वरलेखन करता येत नव्हतं. तो ऐकून पाठ करायचा आणि जेम्स ओ'नील हा त्याचा सहकारी लिहून घ्यायचा. वाचणाऱ्याला चाल आधीच माहीत आहे, हे त्या पानांत गृहीत धरलेलं आहे.

आता नेमकं. रीलच्या एका बारमध्ये आठ स्वर असतात. त्यातले 1, 3, 5, 7 हे ठोक्यावरचे. तुम्ही शिकलेल्या सवयीने 1-2 एका गजात, 3-4 दुसऱ्या गजात घेत असणार. त्यामुळे गज प्रत्येक वेळी ठोक्यावरच उलटतो आणि प्रत्येक ठोका पाय आपटल्यासारखा येतो. कवायत तिथून येते. उलट करून पाहा: 1 एकटा, मग 2-3 एका गजात, 4-5 एका गजात, 6-7 एका गजात, आणि 8 पुढच्या बारच्या 1 ला जोडलेला. आता गज कमजोर स्वरावर उलटतो आणि ठोका गजाच्या मध्यात येतो. तिथे तर्जनीने किंचित दाब द्या. लय लगेच डुलायला लागेल. सबंध धून अशीच वाजवली तर तेही यांत्रिक होतं, म्हणून मधूनमधून सुटे गज पेरा. पण आधी महिनाभर एकच रील या एकाच पद्धतीने घ्या, हाताला वळण पडू द्या.

जिगमध्ये सहा स्वर, तीन-तीनचे दोन गट, दादऱ्यासारखे. पण तीन स्वर सारख्या लांबीचे नसतात. पहिला जरा रेंगाळतो, मधला आखूड, तिसरा त्याहून थोडा मोठा. छापताना तिन्ही सारखे छापतात. तुम्ही छापल्यासारखे वाजवता.

तिसरी गोष्ट रोल, म्हणजे एकाच स्वराभोवतीचा अलंकार, जो बहुधा लिहिलेलाच नसतो किंवा डोक्यावर एक कमान काढून सोडून दिलेला असतो. रे तारेवर (म्हणजे डी) पहिल्या बोटाचा मी (म्हणजे ई) स्वर घ्या. रोल असा: मी, वरून तिसऱ्या बोटाची टिचकी, पुन्हा मी, बोट उचलून मोकळी तार, पुन्हा मी. सगळं एका गजात. नवशिक्यांचं दोन ठिकाणी बिघडतं. एक म्हणजे टिचकीचं बोट पूर्ण दाबलं जातं. मग तो स्वर स्पष्ट ऐकू येतो आणि रोलची मुरकी होते. बोटाने तारेला फक्त स्पर्श करून उडायचं, सूर ऐकू यायला नको, फक्त 'टिक्' व्हायला हवं. दुसरं म्हणजे पाचही गोष्टी सारख्या अंतराने येतात. लांब रोल तीन मात्रांचा असतो: पहिली मात्रा मी नुसता धरायचा, टिचकी दुसऱ्या मात्रेवर, मोकळी तार तिसरीवर. टाळी देत तोंडाने म्हणा, मग वाजवा.

कंपन, म्हणजे व्हायब्रॅटो, नाचाच्या धुनांत जवळपास नसतं. डाव्या हाताची ती सवय आधी सोडा, निम्मा फरक तिथेच पडेल.

मी पुण्यात हिंदुस्थानी व्हायोलिन शिकते. मांडी घालून, व्हायोलिनचं डोकं पायावर टेकवून वाजवते. याच बैठकीत आयरिश धुना वाजवता येतील का?

सावकाश चाली येतील, नाचाच्या धुनांत अडचण होईल. आपली बैठक डावा हात पूर्ण मोकळा करते, कारण आपल्याला मींड हवी असते, एका बोटाने तारभर फिरायचं असतं. आयरिश फिडलमध्ये हात पहिल्या जागेवरून फारसा हलतच नाही. काम चार बोटांचं आणि मनगटाचं. त्यामुळे हनुवटीखाली किंवा जुन्या पद्धतीने जरा खाली, छातीशी धरलेलं वाद्य सोयीचं पडतं. सुरांची जुळणीही बदलावी लागेल. तुमच्या तारा षड्ज-पंचमाच्या जोड्यांत आणि तुमच्या सोयीच्या पट्टीत असतात. तिथे जाड तारेकडून सोल, रे, ला, मी अशी कायमची जुळणी, कारण सोबतीला बासरी, कॉन्सर्टिना (भात्याची छोटी हातपेटी) अशी ठरलेल्या सुरांची वाद्यं असतात.

तुमचा मोठा फायदा कानाचा आहे. या धुना मोजक्या स्वरसप्तकांत फिरतात आणि ती तुमच्या ओळखीची आहेत: बिलावल, खमाज, काफी, क्वचित आसावरी. खमाजातल्या बऱ्याच धुनांत जुने वादक निषाद धड कोमलही लावत नाहीत आणि शुद्धही नाही, दोन्हींच्या मधे कुठेतरी ठेवतात. पियानोवर शिकलेल्याला तो बेसूर वाटतो. तुम्हाला वाटणार नाही.

मग लिहून शिकवणारं कोणीच नव्हतं का? (नाशिकहून)

होतं, आणि फार सुंदर पद्धतीने. केरी परगण्यातल्या ग्लाउंटेनचा पॉड्रिग ओ'कीफ (1887–1963) हा शाळामास्तर. नोकरी गेल्यावर गावोगाव चालत जाऊन घरी फिडल शिकवायचा. त्याने पाच रेघांमधल्या चार मोकळ्या जागा चार तारा मानल्या आणि त्या जागांत बोटाचा आकडा लिहिला: 0 म्हणजे मोकळी तार, मग 1, 2, 3, 4. ज्याला स्वरलेखनाचं अक्षरही येत नाही, त्यालाही कोणत्या तारेवर कोणतं बोट ते लगेच कळतं. तालाचं आणि गजाचं मात्र बरंचसं त्याच्या वाजवण्यातूनच घ्यायचं. धून आधी तो वाजवून दाखवायचा आणि कागद विद्यार्थ्याकडे सोडून जायचा, पुढच्या फेरीपर्यंत विसरू नये म्हणून. डेनिस मर्फी आणि त्याची बहीण जूलिया क्लिफर्ड असेच त्याच्याकडे तयार झाले. 1952 साली लोकसंगीत जमवणाऱ्या शेमस एनिसने बीबीसीसाठी तिघांचं वादन ध्वनिमुद्रित केलं, म्हणून गुरू आणि शिष्य शेजारीशेजारी ऐकता येतात. पोल्का आणि स्लाइड या त्या भागाच्या खास प्रकारांसाठी ते जरूर ऐका.

वहीत अशी चार-जागांची पद्धत स्वतःसाठी वापरायला हरकत नाही. फक्त धून पाठ झाल्यावर लिहा, आधी नाही.

चिपळूणला जवळपास शिकवणारं कोणी नाही. घरात आजोबांचं जुनं व्हायोलिन आहे, तारा ढिल्या पडल्यात. जुन्या रेकॉर्डिंगवरून शिकता येईल का? फिडल वेगळं घ्यावं लागेल का?

वेगळं काही नाही. तेच वाद्य, वाजवण्याची रीत वेगळी. बरेच फिडलवादक पोलादी गाभ्याच्या तारा वापरतात, त्यांना दमट हवेचा त्रासही कमी होतो, कोकणात तर त्याच घ्या.

तारा बदलताना चारही एकदम काढू नका. वाद्याच्या पोटात, घोडीच्या (तारा जिच्यावरून जातात त्या उभ्या पट्टीच्या) बारीक तारेकडच्या पायाच्या किंचित मागे, एक लाकडी खुंटासारखी काडी उभी असते. ती चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानेच उभी राहते. सगळ्या तारा सुटल्या की ती पडू शकते आणि मग कारागिराशिवाय उपाय नाही. एक तार काढा, नवी लावा, थोडी ताणा, मग दुसरी. ताणताना घोडीचं डोकं खुंट्यांच्या बाजूला ओढलं जातं. दर दोनतीन पिळांनी बाजूने पाहा. घोडीची मागची, म्हणजे शेपटीकडची बाजू वाद्याच्या वरच्या फळीशी काटकोनात हवी. कलली असेल तर दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी आणि बोटांनी वरच्या कडेला धरून हलकेच सरळ करा. तशीच ठेवली तर एक दिवस घोडी फाटकन आपटते आणि वरच्या फळीला तडा जातो. पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात, उन्हाळ्यात सैल होऊन सरकतात. सरकत असतील तर खुंटी काढून घासलेल्या जागेवर खडू लावा, अडकत असतील तर सुका साबण. राळ गजाच्या नव्या केसांना भरपूर, नंतर रोज तीनचार हात पुरे. तारेवर पांढरी पूड साचू लागली म्हणजे जास्त झाली.

रेकॉर्डिंगवरून शिकणं ही तर या परंपरेचीच एक वाट आहे. स्लायगोमधल्या किलाव्हिलचा मायकेल कोलमन (1891–1945) न्यूयॉर्कला गेला, तिथे 1921 ते 1936 दरम्यान त्याच्या तबकड्या निघाल्या आणि त्या परत आयर्लंडला पोचल्या. खेड्यापाड्यातल्या वादकांनी त्या झिजेपर्यंत ऐकून धुना उचलल्या. त्याने एक नुकसानही झालं. भरपूर रोल आणि जोडलेल्या गजांची स्लायगोची शैली हेच खरं फिडल असं अनेकांना वाटू लागलं आणि स्थानिक रीती मागे पडल्या. म्हणून एकाच वादकाला चिकटू नका. डोनेगॉलच्या जॉन डोहर्टीचे सुटे, कुरकुरीत गज आणि एकाच स्वरावर मनगटाने मारलेले तीन झपाट्याचे आघात ऐका, मग कोलमन पुन्हा ऐका. फरक पहिल्या अर्ध्या मिनिटात कळतो.

सुरुवात पोल्काने करा. बारमध्ये स्वर कमी, लय पक्की. दोन पोल्का, मग एक जिग, रील शेवटी. फोनवरच्या अ‍ॅपने गती निम्मी करा, पण सूर उतरणार नाही असा पर्याय निवडून. एक तुकडा सलग दहा वेळा ऐका, म्हणा, मग हात लावा. दर आठवड्याला स्वतःचं वादन रेकॉर्ड करून मूळ रेकॉर्डिंगच्या लगोलग ऐका. चुकणारे सूर तुम्हाला वाजवतानाही कळतील, घसरणारी लय मात्र अशीच कळते.

आणि जुनी तबकडी लावून जुळवलेल्या व्हायोलिनवर सूर लागत नसेल तर कानाला दोष देऊ नका. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या पुष्कळदा नेमक्या वेगाने मुद्रित झालेल्या नसतात, त्यामुळे सगळी धून पाव किंवा अर्ध्या स्वराने वरखाली असते. तारा त्या मापाने चढवायला जाऊ नका, सर्वात बारीक 'मी' तार तुटेल. अ‍ॅपमध्ये रेकॉर्डिंगचाच सूर सरकवा, मोकळी ला तार त्याच्याशी जुळेपर्यंत.