शनीची कडी बारीक का दिसली आणि ती पुन्हा कधी उघडतील

आपण नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या दुर्बिणीतून शनी पाहिला, तेव्हा गोळ्याच्या दोन्ही बाजूंना केवळ एक बारीक रेघ दिसली आणि २०१७ सालच्या छायाचित्रांतली रुंद कडी कुठेच आढळली नाहीत, म्हणून दुर्बीण सदोष आहे का, असे आपण विचारले आहे. दुर्बीण परत करू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. त्या महिन्यात पृथ्वीवरच्या कोणत्याही दुर्बिणीतून कडी रेघेसारखीच दिसत होती.

शनीचा अक्ष सुमारे २६.७ अंशांनी कललेला असून कडी त्याच्या विषुववृत्ताच्या पातळीत आहेत. हा कल अवकाशात एकाच दिशेला रोखलेला राहतो, त्यामुळे साडेएकोणतीस वर्षांच्या प्रदक्षिणेत कधी कड्यांची उत्तर बाजू आपल्याकडे वळलेली असते, कधी दक्षिण बाजू, आणि या दोहोंच्या मध्ये, साधारण चौदा-पंधरा वर्षांच्या अंतराने, ती नेमकी कडेवरून दिसतात. ठळक कड्यांचा व्यास पावणेतीन लाख किलोमीटर असला तरी जाडी बहुतेक ठिकाणी काही दहा मीटरच आहे, म्हणून अशा वेळी ती जवळजवळ नाहीशी होतात. १६१० मध्ये गॅलिलिओला शनीच्या दोन्ही बाजूंना दिसलेले 'सोबती' १६१२ मध्ये गायब झाले ते याच कारणाने. त्याचा उलगडा पुढे १६५० च्या दशकात डच खगोलशास्त्रज्ञ हायगेन्सने केला.

या वेळी पृथ्वीने कड्यांची पातळी २३ मार्च २०२५ रोजी ओलांडली, परंतु शनी तेव्हा सूर्याच्या इतका जवळ होता की ते पाहणे शक्यच नव्हते. ६ मे रोजी सूर्यानेही ती पातळी ओलांडली आणि कड्यांच्या दक्षिण बाजूवर ऊन पडू लागले. पृथ्वी स्वतः सूर्याभोवती फिरत असल्याने कडी आपल्याकडे ज्या कोनात कललेली दिसतात तो कोन वर्षभरात थोडा वरखाली होतो, म्हणून जुलैमध्ये साडेतीन अंशांपर्यंत उघडलेली कडी नोव्हेंबरच्या उत्तरार्धात अर्ध्या अंशाहूनही कमी उरली. आपण नेमके तेव्हाच पाहिले. हा योगही दुर्मीळच आहे, कारण कडी इतकी मिटलेली यानंतर २०३८-३९ मध्येच दिसतील.

आता कडी दरवर्षी उघडत जातील. ४ ऑक्टोबर २०२६ च्या प्रतियुतीच्या वेळी (म्हणजे शनी आकाशात सूर्याच्या नेमका विरुद्ध बाजूला असताना) कड्यांचा आपल्याकडचा कल सात-आठ अंश असेल, पुढच्या वर्षी तेरा अंशांच्या आसपास, आणि २०३२ मध्ये तो जवळपास कमाल होईल. महाराष्ट्रातल्या निरीक्षकाला यात आणखी एक मोठा लाभ आहे, ज्याची चर्चा फारशी होत नाही. २०१७ मध्ये कडी पूर्ण उघडली होती खरी, परंतु प्रतियुती १५ जूनला, म्हणजे ऐन पावसाच्या तोंडावर आली होती, आणि शनी दक्षिणेकडे असल्याने पुण्याहून तो जेमतेम पन्नास अंश उंचीपर्यंतच चढत असे. प्रतियुती दरवर्षी सुमारे दोन आठवड्यांनी पुढे सरकते, त्यामुळे २०३२ मध्ये ती डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात येईल. शनी वृषभ-मिथुनेच्या सीमेजवळ असेल आणि मध्यरात्रीच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर येईल. त्याच सुमारास तो सूर्याला सर्वांत जवळच्या बिंदूपाशी असल्याने आपल्यापासूनचे अंतर २०१७ मधल्या १३५ कोटी किलोमीटरऐवजी १२० कोटी किलोमीटरच्या आसपास राहील. कोरडी हवा, मोठे बिंब, रुंद कडी आणि माथ्यावरचा ग्रह असा मेळ आपल्याकडे क्वचितच जुळतो.

तोपर्यंत शनी क्षितिजापासून बराच वर आल्यावरच पाहावा आणि हवा स्थिर असेल तर शंभर ते दीडशे पट वर्धन वापरावे. टायटन हा चंद्र लहान दुर्बिणीतही सहज दिसतो. लागोपाठच्या रात्री त्याची जागा वहीत टिपून ठेवावी. ए (बाहेरचे) आणि बी (आतले) या दोन ठळक कड्यांमधली काळी कॅसिनी फट मात्र कल दहा-बारा अंशांच्या पुढे गेल्यावर शोधावी. ती प्रथम कड्यांच्या दोन टोकांशी दिसते, आणि तिथे दिसली की तिचा माग गोळ्याच्या पुढच्या बाजूपर्यंत काढता येतो.